निकाल लागला, पण दिसला का?

डिसेंबर २०१८मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचं यजमानपद जालन्याला मिळालं. पोलादाच्या आणि बियाण्यांच्या व्यापारावर चालणाऱ्या या शहरात राज्यभरातले पैलवान उतरले. अंतिम लढतीत माती विभागातून आलेला बाला रफिक शेख आणि गादी विभागातून आलेला गतविजेता अभिजित कटके समोरासमोर आले. बाला रफिक मूळचा करमाळा तालुक्यातला, स्पर्धेत उतरलेला बुलढाण्याकडून, कटके पुण्याचा. लढत गादीवर झाली आणि ती मातीतून आलेल्या पैलवानानं ११-३ अशी जिंकली. चितपट झाली नाही, पाठ टेकली नाही, तरी आठ गुणांच्या फरकापुढे कुणाला काही बोलायला जागा राहिली नाही. जालन्याच्या त्या निकालाकडे आज मागे वळून पाहिलं की त्याचं मोल जास्त कळतं. कारण त्यानंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र केसरीच्या गदेच्या वाटेवर दोनदा असे निकाल लागले, की गदा कुणाच्या खांद्यावर गेली यापेक्षा पंचांनी काय पाहिलं आणि काय नाही, याचीच चर्चा गावोगावच्या पारांवर जास्त झाली.

कुस्तीशौकीन हा खेळाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक परीक्षक. खेळ कसा व्हावा, कुठे व्हावा, कशावर निकाल लागावा, याबद्दल त्याची मतं ठाम असतात आणि ती ऐकून घ्यावीत अशीच असतात. गेल्या काही वर्षांत त्याच्या तक्रारी तीन ठिकाणी एकवटल्या आहेत. गुणांमुळे कुस्ती मेली, निकाली चितपटच खरी, ही पहिली. मातीतल्या पैलवानाला शेवटी गादीवर नेऊन हरवतात, ही दुसरी. आणि पंच आपल्या मनाचं करतात, ही तिसरी. या तिन्ही तक्रारी एकाच सुरात मांडल्या जातात, पण त्यांचं वजन सारखं नाही. पहिल्या दोन पुराव्यापुढे टिकत नाहीत. तिसरीत तथ्य आहे, पण तीही जशी बोलली जाते तशी नाही. पंच कसा निर्णय देतो यापेक्षा तो निर्णय बघणाऱ्यापर्यंत पोहोचतो कसा, इथे खरं दुखणं आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी गुणांचं पाहू. जत्रेच्या फडातली निकाली कुस्ती म्हणजे हलगीच्या ठेक्यावर सलामी, शड्डू, आणि मग एकाची पाठ मातीला लागेपर्यंत झुंज. तिचं सौंदर्य कुणी नाकारू नये. पण वेळेचं आणि गुणांचं बंधन नसलेल्या कुस्तीत काय होऊ शकतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्तानिस्लाव झिबिस्को यांची लढत झाली. गामाची ताकद लक्षात येताच झिबिस्को पोटावर पालथा पडला आणि तसाच राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, निकाल लागला नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं ठरलेल्या लढतीला झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामानं त्याला मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. म्हणजे दोघांमधला फरक पहिल्या दिवसापासून होताच. लंडनच्या नियमांत तो दाखवण्याची सोय नव्हती. आजच्या नियमांत नुसतं अंग चोरून राहणाऱ्या पैलवानाला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत देतात आणि त्यात त्यानं गुण घेतला नाही तर समोरच्याला गुण देतात. झिबिस्कोला हा नियम असता तर तो पालथा पडून राहिलाच नसता. गुण ही पद्धत आली ती हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं, हे आपण विसरतो.

बरं, गुणांमुळे चितपट संपली असंही नाही. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट करून गदा घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदर शेखनं झोळी डावावर राक्षेला काही सेकंदांत लोळवलं. दोन्ही लढती गादीवरच्या, गुणांच्या नियमांतल्या, आणि दोन्हींचा निकाल चितपटीनं लागला. हे खरं, की बालेवाडीत जानेवारी २०२०मध्ये हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांची लढत ३-२ अशी सुटली, साताऱ्यात २०२२मध्ये पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं, आणि अशा लढती पाहून जुन्या शौकिनांना चुटपुट लागते. पण तुल्यबळ जोड लागली की एका गुणानं निकाल लागायचाच. जत्रेत तीच जोड असती तर पंचांनी अर्ध्या तासानं दोघांचे हात वर करून कुस्ती सोडवली असती आणि इनाम वाटून दिलं असतं. तेव्हा कुणी हळहळलं नसतं का?

आता माती आणि गादी. महाराष्ट्र केसरीची रचना जगात दुसरीकडे सहसा दिसत नाही अशी आहे. मातीवरच्या लढतींतून एक विजेता निघतो, गादीवरच्या लढतींतून दुसरा, आणि हे दोघे गदेसाठी गादीवर भिडतात. लाल मातीत ताक, तेल, हळद, कापूर मुरवून केलेला हौदा पायाला वेगळी पकड देतो. तिथे पाय रुततो, अंग घसरतं, डाव सावकाश पिकतो. गादीवर वेग लागतो, पट काढायला वाव जास्त मिळतो. मग मातीतल्या मल्लाला शेवटच्या क्षणी परक्या जागी का उभं करायचं, हा प्रश्न रास्त आहे. आकडे पाहिले तर जालन्यापासून अहिल्यानगरपर्यंतच्या सहा अंतिम लढतींत चार वेळा गादी विभागाचा पैलवान जिंकला, दोन वेळा मातीचा. एवढ्यावरून गादीचा फायदा होतो असं म्हणता येईल, पण सहा लढतींवर मोठा सिद्धांत उभा करू नये. शिवाय त्या दोन विजयांपैकी एक जालन्यातला ११-३ आणि दुसरा फुलगावचा चितपट आहे, म्हणजे मातीवाला जिंकला तेव्हा निसटता जिंकला नाही. आणखी एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. २०२०च्या अंतिम लढतीतले सदगीर आणि शेळके, तसेच जानेवारी २०२३मधले राक्षे आणि गायकवाड, हे पुण्यातल्या काका पवारांच्याच तालमीत घडलेले. एकच वस्ताद, एकच तालीम, एकच खुराक, आणि एक मातीतून उतरला तर दुसरा गादीतून. आजचे वरच्या फळीतले पैलवान दोन्हीकडे सराव करतात. मातीचा मल्ल आणि गादीचा मल्ल अशा दोन जाती आता राहिलेल्या नाहीत; बऱ्याचदा त्यानं कुठल्या विभागातून नाव द्यायचं एवढाच प्रश्न असतो.

दोन वेगळे किताब द्यावेत, असंही काही शौकीन सुचवतात. इतर खेळांत हे झालेलं आहे. बिलियर्ड्समध्ये ठरावीक वेळेत जास्तीत जास्त गुण आणि आधी ठरावीक गुण गाठणारा विजेता, अशा दोन पद्धतींची वेगवेगळी जागतिक विजेतेपदं असतात. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीनं २००५मध्ये माल्टात ही दोन्ही विजेतेपदं एकाच वेळी पटकावली तेव्हा जाणकारांनी त्याचं मोठेपण अधिक मानलं, कारण दोन पद्धती दोन वेगळ्या गुणांची परीक्षा घेतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण महाराष्ट्र केसरीच्या बाबतीत मला हा तोडगा पटत नाही. १९६१मध्ये औरंगाबादला पहिली स्पर्धा झाली, दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून या नावाचा अर्थच राज्यातला एक पैलवान असा आहे. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा दोघांत कशी वाटणार? आणि ती वाटली गेल्यावर काय होतं हे आपण पाहिलंही आहे. कुस्ती संघटनेतल्या फुटीमुळे नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन महाराष्ट्र केसरी झाले. २०२५मध्ये अहिल्यानगरनंतर कर्जतलाही स्पर्धा झाली. खरा कोण, हे विचारणाऱ्या गावकऱ्याला उत्तर देता येत नाही.

मग राहिले पंच. इथे थोडं थांबून, जवळ जाऊन पाहायला हवं. जानेवारी २०२३मध्ये माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली. हा डाव एका श्वासात होतो. समोरच्याचा हात काखेत दाबायचा, कंबर वळवून त्याच्याकडे अर्धी पाठ करायची, त्याच्या पायाच्या बाहेरून आपला पाय अडकवायचा आणि अंगाला पीळ देत त्याला आपल्यावरून फिरवायचं. पडणारा कसा पडतो यावर गुण ठरतात. तो पोटावर किंवा कुशीवर पडला आणि मारणाऱ्यानं कब्जा घेतला, तर दोन गुण. त्याची पाठ थेट धोक्यात गेली, म्हणजे पाठ आणि जमीन यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या आत आला, तर चार. फरक डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळाचा आणि वीतभर कोनाचा. पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. सिकंदर ती लढत हरला. पाठ धोक्यात गेलीच नव्हती, असं त्याच्या चाहत्यांचं म्हणणं होतं, आणि मोबाइलवर फिरणारी चित्रफीत थांबवून थांबवून महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी तो कोन आपापल्या डोळ्यांनी मोजला. मैदानात बसलेल्यांना मात्र त्या वेळी काय दिसलं? पंचाच्या एका मनगटावर लाल पट्टा असतो, दुसऱ्यावर निळा. ज्या रंगाच्या पैलवानाला गुण, त्या रंगाचा हात तो वर करतो आणि बोटं दाखवतो. चार बोटं. पन्नास-साठ हातांवर बसलेल्या माणसाला ती बोटं चार की दोन, हेच धड कळत नाही. का, हे तर कुणी सांगतच नाही.

२ फेब्रुवारी २०२५ची अहिल्यानगरची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे वाद गुणांचा नव्हताच. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं म्हणत राक्षेनं आक्षेप घेतला, चित्रफीत पुन्हा पाहण्याची मागणी झाली, आणि मग त्यानं पंचांच्या अंगावर जाऊन लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या लढतीत काही सेकंद उरले असताना गुणावरून बिनसलं आणि महेंद्र गायकवाड मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उचलणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण चितपटीच्या भक्तांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या चितपटीत शंकेला जागाच नसते असं आपण मानतो, तिच्यावरूनच हा सगळा प्रकार झाला. खांदा टेकला की नाही, हा प्रश्नही शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांचाच असतो.

मग पूर्वी जत्रेत असे वाद का पेटत नसत? पंच देवमाणसं होती म्हणून नाही. फड लहान असायचा. कडेनं मातीतच बसलेली पोरं, त्यांच्यामागे उभे म्हातारे, हौद्यात दोन-चार पंच, तेही गावातलेच जुने पैलवान. पाठ लागली की शेकडो डोळ्यांनी ती एकाच वेळी पाहिलेली असायची. निर्णय पंच बोलायचा, पण तो आधीच फडानं दिलेला असायचा. जालन्यातही गावजत्रेतला फड याच विश्वासावर चालत आला आहे. कुस्ती फडातून मोठ्या मैदानात आली, हजारोंच्या संख्येनं लोक आले, डाव वेगवान झाले, नियम बारीक झाले; निर्णय सांगायची रीत मात्र हौद्यातलीच राहिली. डोळा आणि डाव यांच्यातलं अंतर वाढलं आणि ते भरून काढायची तजवीज कुणी केली नाही. माझ्या मते सगळ्या वादांचं मूळ इथे आहे.

पूल या खेळाशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होतं. व्यावसायिक पूलच्या शौकिनांतही स्पर्धेच्या रचनेवरून मोठे वाद चालतात. नऊ चेंडूंच्या प्रकारात फोडणीचा पहिला फटका ज्याचा, त्याला फायदा. मग जिंकणाऱ्यानंच पुढचा डाव फोडायचा की आळीपाळीनं, यावर दोन तट आहेत. जिंकणाऱ्यानं फोडावं म्हणणाऱ्यांना एकहाती झेप पाहायची असते, आळीपाळीवाल्यांना समान संधी. चुकून खिशात गेलेला चेंडू धरायचा की आधी खिसा सांगायचा, फटक्याला तीस सेकंदांची मर्यादा असावी की नसावी, एका पराभवानं बाहेर की दोन, हे सगळं तिथे हिरिरीनं बोललं जातं. पण चेंडू खिशात गेला की नाही, यावर क्वचितच वाद होतो. तो गेलेला सगळ्यांना दिसतो. म्हणून तिथला वाद मतांचा राहतो, पंचाच्या अंगावर जात नाही. कुस्तीत तोच शौकीन, तेच प्रेम, तोच आवेश. फक्त जे घडलं ते त्याला दिसलेलं नसतं.

नियम कागदावर असून भागत नाही, याची किंमत महाराष्ट्रानं एकदा मोजली आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी लढत झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन लढतींत अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. नियमानं पैलवानाचं रक्षण करायचं असेल तर तो त्या क्षणी, त्या जागी, सगळ्यांसमोर बोलला गेला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. किताबाच्या आणि दोन्ही विभागांच्या अंतिम लढतींत वादाचा प्रत्येक निर्णय, चितपटीसह, मोठ्या पडद्यावर हळू गतीनं प्रेक्षकांना दाखवावा. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मार्गदर्शक गादीवर स्पंज टाकून निर्णयाला आव्हान देऊ शकतो. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो, त्यामुळे उगाच कुणी टाकत नाही. ही सोय इथे प्रत्येक पैलवानाला मिळावी. आणि मॅट चेअरमननं, म्हणजे लढतीच्या मुख्य पंचानं, ध्वनिक्षेपकावर, मराठीत, एका वाक्यात कारण सांगावं: टांग लागली, पाठ नव्वद अंशांच्या आत आली, चार गुण. किंवा: कुशीवर पडला, दोन गुण. एवढं वाक्य ऐकलं तर मागच्या रांगेतला माणूस कदाचित नाराज होईल, पण त्याला अंधारात ठेवलं असं म्हणणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की यानं लढतीची रंगत जाईल. जाईल थोडी. पण पंचांच्या भोवती गर्दी जमून वीस मिनिटं कुस्ती बंद पडते तेव्हा जेवढी जाते त्याच्या मानानं काहीच नाही. पंचांचा मान राहणार नाही, असाही आक्षेप घेतला जातो, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. वस्ताद आणि पंच यांच्या शब्दाला मान देणं हा तालमीचा पाया आहे. तरी मला वाटतं, उघडपणे तपासला जाणारा पंच जास्त सुरक्षित असतो. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचानं निर्णय बदलला म्हणून मैदानावरच्या पंचाची कुणी कॉलर धरत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. ज्या स्पर्धेत विजेत्याला चारचाकी गाडी दिली जाते, कमानी आणि फलकांनी रस्ते भरतात, तिथे एक पडदा आणि दोन कॅमेरे परवडत नाहीत, हे पटण्यासारखं नाही. गावजत्रेसाठी हे कुणी मागतही नाही. तिथे फड अजून डोळ्यांच्या टप्प्यात आहे. आणि ८६ ते १२५ किलोंचे पैलवान एकाच गटात का, हा शौकिनांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. त्यावर कुस्तीगीर परिषदेनं स्वतंत्रपणे विचार करावा.

उरतो शौकीन. त्यालाही एक सांगणं आहे. टांगेला दोन गुण कधी आणि चार कधी, कब्जा कशाला म्हणतात, रेषेबाहेर गेल्यावर कुणाला गुण, हे नियम त्यानं शिकून घ्यावेत आणि गावातल्या पोरांना सांगावेत. चित्रफीत थांबवून कोन मोजणाऱ्याला ते अवघड नाही. आणि यजमानांना विनंती अशी, की जालन्यासारखा एखादा जिल्हा पुन्हा महाराष्ट्र केसरी भरवेल तेव्हा खर्चाच्या यादीत सगळ्यात वर, मंडपाच्याही आधी, मोठ्या पडद्याचं आणि मराठीत निर्णय सांगणाऱ्या ध्वनिक्षेपकाचं नाव लिहा.